बोट निघाली, आता फोन कोणाला करायचा?

माझं काम म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका सुरक्षेच्या बाबतीत एकमेकांशी थेट किती बोलतात ते बघणं, त्यावर लिहिणं, आणि जमेल तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना एका खोलीत बसवणं. मध्ये अटलांटिक आहे खरा, पण ब्राझीलचा ईशान्य किनारा आणि पश्चिम आफ्रिका यांच्यात सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३ हजार किलोमीटर अंतर आहे, आणि कोकेन घेऊन निघालेल्या बोटीला ते काही फार नाही. २०१९ च्या जानेवारीत पश्चिम आफ्रिकेसमोरच्या केप व्हर्देच्या प्राया बंदरात एकाच जहाजावर साडेनऊ टन कोकेन सापडलं होतं. बेटांच्या एका छोट्या देशात, साडेनऊ टन!

कागदावर बघितलं तर हे देश जुने सोबती आहेत. १९८६ मध्ये ब्राझीलच्या पुढाकाराने युनोच्या आमसभेत ठराव झाला आणि दक्षिण अटलांटिक शांतता आणि सहकार्य क्षेत्र तयार झालं, विरोधात एकट्या अमेरिकेचं मत होतं. आज त्यात २४ देश आहेत, ३ दक्षिण अमेरिकेतले आणि २१ आफ्रिकेतले. पण २०१३ ला उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओला मंत्र्यांची बैठक झाली त्यानंतर पुढची थेट २०२३ ला, केप व्हर्देमधल्या मिंडेलोला. मधल्या दहा वर्षांत मंत्री भेटलेच नाहीत, गुन्हेगार मात्र आपापलं काम करत राहिले.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी आमची टेबलटॉप एक्सरसाइज होती. यात कोणी जहाज हलवत नाही. टेबलावर समुद्राचा मोठा नकाशा असतो, एकेक कार्ड उघडलं जातं, त्यावर घडलेली घटना असते आणि प्रत्येक देशाच्या टीमने सांगायचं की आम्ही आता काय करणार, कोणाला कळवणार, कुठल्या कायद्याखाली. दोन्ही किनाऱ्यांवरचे नौदलवाले, पोलीस आणि परराष्ट्र खात्यातले लोक होते, पत्रकार नाहीत, रेकॉर्डिंग नाही, त्यामुळे लोक मोकळं बोलतात.

माझं पहिलं कार्ड साधं होतं. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून एक मासेमारी बोट रात्री निघालीय, आत माल आहे अशी पोलिसांना खबर आहे, बोट पूर्वेला चाललीय, झेंडा तिसऱ्याच देशाचा. पुढचा फोन कोणाला?

प्रत्येक टीमने कागदावर लिहून द्यायचं होतं. कागद गोळा केले तर जवळजवळ सगळ्यांवर एकच शहर. लिस्बन.

लिस्बनला २००७ पासून एक केंद्र आहे, युरोपातल्या काही देशांनी मिळून काढलेलं, अटलांटिकमधल्या ड्रग्जच्या बोटींची माहिती तिथे एकत्र येते आणि तिथली माणसं आपलं काम उत्तम करतात, त्याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. पण नकाशा बघा ना. बोट दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेकडे चाललीय, समोरासमोरचे दोन किनारे, आणि एका किनाऱ्याची बातमी दुसऱ्या किनाऱ्याला कळणार ती युरोपातून फिरून.

मग मी दुसरं कार्ड उघडलं. लिस्बनचे लोक दुसऱ्या मोठ्या केसमध्ये अडकलेत, सकाळपर्यंत उत्तर नाही.

खोलीत एकदम शांतता. पश्चिम आफ्रिकेतले एक कमांडर, वयाने मोठे, सकाळपासून फारसे बोलले नव्हते, ते समोरच्या पोलीस अधिकाऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, "तुमच्याकडे रात्री दोन वाजता फोन उचलतं कोण?" समोरून उत्तर आलं, "फोन कशाबद्दल आहे त्यावर अवलंबून, समुद्रावरचं नौदल बघतं, ड्रग्जचं आम्ही." आणि समुद्रावरचे ड्रग्ज? त्यावर त्यांच्याच टीममधले दोघं आपसात बोलायला लागले. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात, जवळजवळ प्रत्येक देशात हाच घोळ आहे, कुठे नौदल, कुठे पोलीस, कुठे कस्टम्स, आणि बाहेरच्याला कळतच नाही की दार कुठलं वाजवायचं.

त्यात कायद्याची अडचण वेगळी. चाचेगिरी असेल तर खुल्या समुद्रात कुठल्याही देशाची युद्धनौका चाच्यांचं जहाज पकडू शकते, युनोच्या समुद्री कायद्याच्या कराराचं कलम १०५ तसं स्पष्ट सांगतं. ड्रग्जला ते लागू नाही. तिथे बोटीवर ज्या देशाचा झेंडा त्याची परवानगी लागते, आणि ती कशी मागायची हे ड्रग्जच्या तस्करीविरुद्धच्या १९८८ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम १७ मध्ये आहे. त्याच कलमात असंही आहे की प्रत्येक देशाने अशा विनंत्या घ्यायला एक अधिकृत यंत्रणा नेमून ठेवायची. परराष्ट्र खात्यातल्या एका वकील बाईंनी कलम वाचून दाखवलं, अशा यंत्रणांची यादी काढली, झेंड्याचा देश शोधला (नाव लिहीत नाही), आणि तिथे होता ऑफिसचा लँडलाइन. आमच्या खेळातला दिवस होता शनिवार.

एक तरुण लेफ्टनंट निळ्या पुठ्ठ्याची बोट बोटाने नकाशावर पुढे सरकवत होता, दर दहा मिनिटांनी थोडी थोडी. दहा नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरच्या वेगाने हा समुद्र ओलांडायला साधारण सात दिवस लागतात. सात दिवस हातात होते! त्यातले निम्मे फोन कोणाला करायचा आणि परवानगी कोण देणार यातच गेले, आणि परवानगीचं कार्ड उघडेपर्यंत माल भर समुद्रात दोन छोट्या होड्यांवर उतरला होता.

जेवणाच्या वेळी मॅक्सिमसचा विषय निघाला, तो निघणारच होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये हा टँकर आयव्हरी कोस्टच्या समुद्रात चाच्यांनी पळवला, मग घाना, टोगो, बेनिन असं एकेका देशाने त्याच्यावर लक्ष ठेवत पुढच्याला कळवलं आणि शेवटी साओ टोमेच्या हद्दीत, त्यांच्या संमतीने, नायजेरियाच्या नौदलाने चढाई करून तो सोडवला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या देशांनी समुद्री सुरक्षेसाठी केलेल्या २०१३ च्या याउंदे आचारसंहितेतून जी प्रादेशिक केंद्रं उभी राहिली त्यांचं हे पहिलं मोठं यश मानलं जातं. कमांडर म्हणाले, "तिथे कोणी घोषणापत्र वाचत बसलं नव्हतं, ड्युटीवरचा माणूस ड्युटीवरच्या माणसाला ओळखत होता." आणि मग मला विचारलं, "तुमच्या सगळ्या कार्डांवर कोकेनच का? आमच्या पाण्यातली मासळी रोज चोरीला जाते."

कोकेन घेतलं होतं कारण तो दोन्ही किनाऱ्यांचा सामाईक प्रश्न आहे, ते मी सांगितलं. पण त्यांचा मुद्दा त्याहून मोठा होता आणि तो मला शंभर टक्के पटतो. स्क्रीन ज्याच्याकडे, काय दिसायचं ते तोच ठरवतो. युरोपकडे जाणारं कोकेन युरोपातल्या केंद्राला दिसणारच, त्यात चूक काही नाही, पण गिनीच्या आखातात रात्री लाइट बंद करून जाळी ओढणारा ट्रॉलर तिथे कोण बघणार? याउंदे संहितेत बेकायदा मासेमारीचा स्पष्ट उल्लेख आहे. विकसनशील देशांनी थेट बोलायचं ते यासाठी, स्वाभिमान वगैरे नंतर, आधी आपले प्रश्न आपल्या यादीत वर यावेत म्हणून.

दुपारी संयुक्त निवेदनाचा मसुदा करायचा ठरला होता. तो बाजूला ठेवायचं मी सुचवलं आणि एक कोरा तक्ता वाटला. देश, ड्रग्जसाठी कोण, चाचेगिरीसाठी कोण, मासेमारीसाठी कोण, रात्रीचा नंबर, कुठली भाषा चालेल, झेंड्याची परवानगी कोण देणार. लोकांनी मायदेशी फोन लावून लावून रकाने भरले, एका टीमला तर आपल्याच देशातला रात्रीचा नंबर तेव्हा पहिल्यांदा कळला. एका प्रतिनिधीने सांगितलं की मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय देता येणार नाही, आणि त्यांचं बरोबर होतं, त्यांचा रकाना रिकामा ठेवला.

संध्याकाळी तीच कार्डं पुन्हा खेळलो, हातात तो तक्ता घेऊन. चौथ्या दिवशी बोट अडवली गेली, केप व्हर्देच्या बऱ्याच अलीकडे. लेफ्टनंटने पुठ्ठ्याची बोट उचलून कमांडरांच्या हातात दिली आणि खोलीत टाळ्या पडल्या.

आता खरी मेहनत पुढे आहे. अधिकाऱ्यांच्या दोन-तीन वर्षांनी बदल्या होतात आणि अशी यादी बघता बघता शिळी होते, म्हणून दर तीन महिन्यांनी, तेही रात्री, टेस्ट कॉल करायचा असं ठरवून घेतलंय. पहिल्या टेस्टला बहुतेक ठिकाणी फोन उचलला गेला, एका देशाचा नंबर बदलला होता आणि नवीन त्यांनी त्याच दिवशी आपणहून पाठवला. मंजुरीवाला रकाना अजून रिकामा आहे, त्या मंत्रालयाला पाठवायचं पत्र या आठवड्यात जाईल. पुढच्या एक्सरसाइजचं पहिलं कार्ड ट्रॉलरचं असेल, ते कमांडरच लिहून देणार आहेत.