'नीट बोल' म्हणणाऱ्या सगळ्या आया

परवा रविवारी भावाकडं जेवायला गेले होते, भाची दुसरीत आहे, ताटात दोडका बघून म्हणाली, "आत्या, मला न्हाई पायजे." लगेच वहिनी, "न्हाई काय न्हाई? नाही म्हण. शाळेत पण असंच बोलतीस काय?" पोरगी गप्प झाली. आणि माझ्या डोक्यात दामासची उचकी सुरू झाली.

लेओं-गोंत्राँ दामास, १९१२ चा जन्म, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रान्सच्या वसाहतीतल्या, फ्रेंच गयानातल्या कायेन गावचा. १९३७ साली पॅरिसमध्ये त्याचा पहिला कवितासंग्रह आला, त्यात एका कवितेचं नावच 'उचकी' आहे. कितीही वेळा सात घोट पाणी प्यायलं तरी त्याचं बालपण उचकी होऊन परत येतं. (आपल्याकडं पण उचकी लागली की पाणी पितात आणि कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात, मला वाचताना अंगावर काटाच आला.) आणि उचकीतून काय येतं तर आईची बोलणी. जेवताना असं बस, तसं बसू नको, फ्रान्समधल्या फ्रेंच माणसासारखं फ्रेंच बोल. पोराला बँजो वाजवायचाय, आईला व्हायोलिन पाहिजे. बँजो काळ्या लोकांनी वाजवायचा, आपण मिश्र रक्ताचे, आपलं तसलं नसतं, असं ती म्हणते. आई दुष्ट नाहीये हो. तिला माहितीय की घराबाहेर पोराचा रंग तर बदलता येणार नाही, मग निदान बोलणं तरी बदलूया. मला त्या बाईचा राग येतच नाही, पोटात कालवतं फक्त.

फ्रान्झ फानोननं हेच पुढं नेलं. तो कॅरिबियनमधल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या मार्टिनिक बेटावरचा, डॉक्टर, मानसोपचाराचा. १९५२ च्या त्याच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण भाषेवर आहे. मार्टिनिकची माणसं 'र' गिळतात अशी फ्रान्समध्ये त्यांची ख्याती, म्हणून फ्रान्सला निघालेला पोरगा खोलीचं दार लावून तासनतास मोठ्यानं वाचत 'र' घोटवतो. मग बोटीतून उतरून कॅफेत जातो, वेटरला ऐटीत हाक मारतो, "गार्र्रसों!" आणि पुढच्याच शब्दांत, बिअर मागताना, सगळे 'र' गायब.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात "व्हय सर" म्हणाले आणि मागचे दोन बाक हसले, त्या दिवसापासून होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी "हो, हो, नाही, नाही" म्हणत बसायचे, नळ अशासाठी की बाहेर ऐकू जाऊ नये. काळ्या माणसानं जे भोगलं त्याच्यापुढं माझं काहीच नाही, गुलामीचा इतिहास माझ्या पाठीवर नाही, ही बरोबरी मी करत नाहीये. पण ती बंद खोली मला ओळखीची आहे.

एमे सेझेर पण मार्टिनिकचाच. फ्रेंचमध्ये काळ्या माणसाला जी शिवी होती, 'नेग्र', तीच त्यानं उचलली आणि तिच्यातून 'नेग्रित्यूद' शब्द घडवला, म्हणजे काळेपणाचा अभिमान. १९३५ च्या आसपास पॅरिसमध्ये तो, दामास आणि सेनेगलचा सेंघोर, तिघंही विद्यार्थी. सेंघोर पुढं देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्याकडं हे समजावून सांगायला लागू नये, 'दलित' हा शब्द छातीवर लावून १९७२ मध्ये मुंबईत पोरं उभी राहिलीच होती, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन.

पण या तिघांच्या आधी पोलेत नार्दाल होती आणि तिचं नाव कोणी घेत नाही याचा मला खरंच राग येतो. मार्टिनिकहून पॅरिसला आलेली, बहिणींबरोबर पॅरिसजवळच्या क्लामारच्या घरी दर रविवारी लोकांना बोलवायची, अमेरिकेतले, आफ्रिकेतले, बेटांवरचे काळे लेखक तिथं एकमेकांना भेटले. १९३१ मध्ये तिनं मासिक काढायला हात लावला, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. चहा करणारी, भाषांतर करणारी बाई इतिहासातून पहिली पुसली जाते. २६ जुलै २०२४ ला ऑलिंपिकच्या उद्घाटनात सीन नदीवर दहा बायकांचे सोनेरी पुतळे वर आले त्यात ती होती. आम्ही कोल्हापूरकर आपल्या स्वप्नील कुसाळेसाठी टीव्हीसमोर बसलेलो, तिला बघून मी एकटीच ओरडले, घरच्यांना वाटलं भारताची बोट आली.

एक गोष्ट मला अजून टोचते. सेझेरनं सगळं फ्रेंचमध्येच लिहिलं, घरच्या क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत, नाही. १९८९ मध्ये मार्टिनिकच्याच पुढच्या पिढीच्या लेखकांनी, शामोआझो वगैरेंनी, क्रिओलची बाजू जाहीरपणे मांडली. मला दोघांचंही पटतं, पण मन क्रिओलवाल्यांकडं जास्त ओढतं.

त्या रविवारी मी वहिनीला काही बोलले नाही, जेवताना वाद नको. निघताना भाची चपला घालून देत म्हणाली, "आत्या, परत कवा येणार?" आणि लगेच आईकडं बघितलं. मी म्हणाले, "येतो की गं, रविवारीच येतो."