मुलाला ठाऊक असलेली आई

रविवार, रात्र

'होन्शिन' पाहून झाला. युया इशिई या दिग्दर्शकाचा २०२४ चा जपानी चित्रपट. इंग्रजीत 'द रियल यू'. केइचिरो हिरानो यांच्या २०२१ च्या कादंबरीवरून केलेला. डोक्यात इतकं काही चाललंय की लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही.

साकुया हा कारखान्यात काम करणारा तरुण. घरी तो आणि आई, दोघंच. एक दिवस आई फोनवर म्हणते, घरी आलास की महत्त्वाचं बोलायचंय. त्या रात्री धो धो पाऊस, नदीला पूर, आणि काठावर त्याला आई दिसते. लगेच दिसेनाशी होते. तो पाण्यात उडी घेतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा वर्ष उलटलेलं असतं. आई गेलेली. वर कळतं, तिनं कायद्यानं मान्य असलेलं स्वेच्छामरण निवडलं होतं. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. मग तो अशा माणसाकडे जातो जो मेलेल्यांची आभासी रूपं घडवतो. डोळ्यांवर यंत्र चढवलं की आई समोर उभी.

हे आभासी रूप घडवायला माहिती लागते: फोटो, चित्रफिती, पत्रव्यवहार. आणि साकुयाजवळ आईची जी माहिती आहे ती सगळी मुलाला दिसलेली आहे. म्हणून तो आईच्या तरुण मैत्रिणीला, मियोशीला शोधून काढतो. आईला इतकी जवळची मैत्रीण होती हेच त्याला नवीन असतं. इथून पुढचं मी सांगणार नाही, पण खरा चित्रपट मला इथेच सापडला.

हिरानो एक विचार बऱ्याच वर्षांपासून मांडत आलेत. २०१२ मध्ये त्यांनी त्यावर वेगळं पुस्तकच लिहिलं. माणूस ज्याच्यासोबत असतो त्याप्रमाणे वेगळा होतो. त्यातला एक खरा आणि बाकीचे मुखवटे, असं नसतं. सगळेच खरे. हे मान्य केलं तर साकुया काय बनवून घेतोय? आईचा त्याच्या वाट्याला आलेला तुकडा, आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी आठवणींचं ठिगळ.

आमची आई गेल्यावर ताई आणि मी रात्र रात्र बोलत बसायचो, आणि मला वाटायचं आम्ही दोन निराळ्या बायकांबद्दल बोलतोय. ताईच्या वाट्याला आलेली आई विशीतली, एकत्र कुटुंबात दबलेली, सासूवरचा राग ताईच्या वेणीवर काढणारी. माझी आई चाळिशीला टेकलेली, नोकरीत रुळलेली, रविवारी दुपारी कादंबरी घेऊन लोळणारी. भेटायला आलेल्या भिशीतल्या बायका तर म्हणाल्या, "काय नकला करायची गं तुझी आई!" घरात तिनं कधी कुणाची नक्कल केलेली मला आठवत नाही. ताईलाही नाही.

जपानमध्ये हे पडद्याबाहेरही घडून गेलंय. हिबारी मिसोरा ही त्यांची लाडकी गायिका १९८९ मध्ये, अवघ्या ५२ व्या वर्षी गेली. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, यामाहाच्या तंत्रानं तिचा आवाज पुन्हा घडवून एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीनं तिच्याकडून नवं गाणं गाऊन घेतलं. कोहाकू या वर्षअखेरीच्या गाण्यांच्या कार्यक्रमातही ते झालं. ऐकताना लोक रडले, तसे पुष्कळ जण अस्वस्थही झाले. विशेषतः गाण्याच्या मधल्या बोलण्यानं, ज्यात ती 'मी तुम्हाला पाहत होते' अशा अर्थाचं काही म्हणते. त्या बोलण्यासाठी तिनं आपल्या मुलाकरता गोष्टी वाचून भरून ठेवलेल्या फिती वापरल्या होत्या. मुलाचा होकार होता, मान्य. तरी एका लेकराला झोपवायला काढलेला आवाज अख्ख्या देशाशी बोलायला लावला, हे मला खुपतं. ती बाई असं बोलली असती का, हे तिला कुणी विचारलं?

आपल्याकडे दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही तेव्हा सगळे खोळंबतात, काय राहून गेलं असेल ते आठवतात, कुणीतरी हात जोडून शब्द देतं. गेलेल्या माणसाचा नाराज राहण्याचा हक्क त्यात शाबूत असतो. यंत्रातल्या आईला बोलावलं की यावंच लागतं.

चित्रपट म्हणून तक्रारी आहेतच. गिऱ्हाइकाच्या हुकमावर शहरभर पळणाऱ्या, दुसऱ्याचं शरीर बनून राबणाऱ्या माणसांचा धागा इतका जळजळीत आहे की त्यावर वेगळा चित्रपट व्हावा. इथे तो बाकीच्या गर्दीत चेंगरतो. पण युको तानाका! 'ओशिन' या जपानी मालिकेतली मोठी ओशिन झालेली हीच, इथे आई झालीय. हयात आई आणि बनवलेली आई या दोघींत तिनं केसाएवढं अंतर ठेवलंय, आणि तेवढं पुरतं. साकुया झालेल्या इकेमात्सुची नजर ते अंतर शोधत राहते.

माझ्या फोनमध्ये आईचे आवाजी निरोप आहेत. कोथिंबीर आण, पोचलीस की कळव, असले. ते जपून ठेवणार, पण त्यांतून तिला नवं काही बोलायला लावणार नाही. लेकीला आजी कशी होती ते हवं असेल तर सुट्टीत ताईकडे पाठवीन, आणि भिशीतल्या बायकांकडेही नेईन. आई नकला नेमक्या कुणाच्या करायची, ते त्यांनाच ठाऊक.