सोकोबानचा सॉल्व्हर लिहिताना: कोणती फांदी छाटायची?

सोकोबान बहुतेकांनी कधी ना कधी खेळलेला असतो. गोदाम, भिंती, काही खोकी आणि ती नेऊन ठेवायला तितक्याच ठरलेल्या जागा. गडी खोकं ढकलू शकतो, ओढू शकत नाही, आणि एका वेळी एकच ढकलतो. १९८२ मध्ये जपानात आलेला हा खेळ दिसायला पोरखेळ वाटतो, पण तो पीस्पेस-कम्प्लीट (संगणकासाठी अत्यंत अवघड मानल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गातला) आहे हे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. ऑटोमेटेड प्लॅनिंग, म्हणजे ध्येय गाठायला कोणत्या कृती कोणत्या क्रमाने करायच्या हे संगणकाने शोधणं, नुसतं वाचून डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून याचाच सॉल्व्हर, म्हणजे कोडं आपोआप सोडवणारा प्रोग्राम, लिहायला घेतला.

पहिली आवृत्ती साधी ब्रेड्थ-फर्स्ट: एका चालीत पोचता येणाऱ्या सगळ्या स्थिती आधी, मग दोन चालींतल्या, असं क्रमाने बघत जायचं. दोन-तीन खोकी असली की झटक्यात उत्तर. सहा झाली की लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागायचा, रॅम भरायची आणि सिस्टीमच प्रोग्राम बंद पाडायची. मित्र म्हणाला, "अरे, पायथॉनमध्ये कसलं लिहितोस, सी प्लस प्लसमध्ये लिही की!" सल्ला वाईट नव्हता, पण हिशोब करून बघा: दर पायरीला १० नव्या फांद्या, म्हणजे पुढच्या शक्य चाली, फुटत असतील, तर २० पट वेगवान प्रोग्राम तेवढ्याच वेळात जेमतेम एक पायरी जास्त खोल जातो. बस्स. दुखणं वेगाचं नव्हतं, फांद्यांचं होतं.

हे नीट दिसावं म्हणून एक मुद्दाम सोपा नकाशा घेतला. ५ बाय ६ ची रिकामी खोली, म्हणजे ३० घरं. खोकी सहा, ठरलेल्या सहाही जागा मधल्या भागात. खोकी मांडायचे प्रकार ५,९३,७७५ आणि प्रत्येकात गडी उरलेल्या २४ घरांपैकी कुठेही, म्हणजे एकूण १,४२,५०,६०० स्थिती. आता बघा, गडी न ढकलता नुसता फिरतोय तोवर काहीच बदलत नाही. म्हणून गड्याचं नेमकं घर साठवायचंच नाही. तो जिथवर चालत जाऊ शकतो त्या भागातलं सगळ्यात वरचं, त्यातलंही डावीकडचं घर साठवायचं. एवढ्यावरच ते २४ पटींचं ओझं बरंचसं उतरलं.

त्यानंतर मेलेली घरं, म्हणजे जिथून खोकं कुठल्याच ठरलेल्या जागी पोचू शकत नाही अशी. ठरलेल्या जागेवर एक खोकं ठेवायचं आणि खेळ उलटा चालवायचा, म्हणजे ढकलायच्या ऐवजी ओढायचं. ओढत ओढत जिथे पोचता येतं ती घरं जिवंत, बाकीची मेलेली. माझ्या खोलीत खोकं भिंतीलगत ओढून आणायचं तर गड्याला भिंतीतच उभं राहावं लागेल! म्हणजे कडेची १८ च्या १८ घरं बाद. उरली मधली १२, आणि त्यांत सहा खोकी मांडायचे प्रकार फक्त ९२४. हे काम शोध सुरू व्हायच्या आधी एकदाच करायचं. नंतर प्रत्येक ढकलीला ॲरेमध्ये (तयार यादीत) एक नजर टाकली की झालं. खऱ्या कोड्यांत आकडा इतका खाली येत नाही, पण सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा मला इथेच मिळाला.

पुढची छाटणी जरा किचकट. खोकी एकमेकांना अडकवतात. चार खोक्यांचा चौकोन झाला, त्यातलं एक जरी जागेवर नसलं तरी खेळ खलास. म्हणून नुकतंच ढकललेलं खोकं तपासायचं: ते आडवं हलू शकतं का, उभं हलू शकतं का? शेजारी खोकं असेल तर आधी त्या शेजाऱ्याला हाच प्रश्न विचारायचा. तो विचारताना पहिल्या खोक्याला भिंत धरायचं, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि रिकर्शन (तपासणीने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) संपतच नाही.

हंगेरियन अल्गोरिदमने (कमीत कमी एकूण खर्चात जोड्या लावायची पद्धत) खोकी आणि जागांच्या जोड्या लावणं सगळ्यात शेवटी. त्यातून ए-स्टारसाठी (आशादायक फांद्या आधी बघणारी शोधपद्धत) अजून किती ढकली लागतील याचा अंदाज मिळतो आणि जोड्या लागल्याच नाहीत तर फांदीही कापता येते. पण हे महाग काम. प्रत्येक नोडवर (शोधातल्या प्रत्येक स्थितीवर) केलं तर छाटणीत वाचलेला वेळ त्यातच जातो, म्हणून स्वस्त तपासण्या आधी.

इथपर्यंतची प्रत्येक छाटणी सुरक्षित आहे, कारण कापलेल्या फांदीत उत्तर नाही हे दाखवता येतं. "जागेवर बसलेलं खोकं पुन्हा हलवायचं नाही" हा नियम तसा नाही. तो लावला की फांद्यांचं झाड एकदम लहान होतं, पण कितीतरी कोड्यांत वाट काढायला बसलेलं खोकं तात्पुरतं हलवावंच लागतं. यावर तोडगा मला हॉफमन आणि नेबेल यांच्या २००१ च्या एफएफ या प्लॅनरमध्ये (कृतींची योजना आखणाऱ्या प्रोग्राममध्ये) सापडला. तो आधी उपयोगी वाटणाऱ्या मोजक्याच कृती बघत धडाक्याने पुढे जातो आणि अडला की सगळ्या कृती धरून नव्याने शोधतो. मीही तसंच केलं: पहिली फेरी धाडसी नियमांची, ती फसली तर दुसरी फक्त सुरक्षित नियमांची.

पीडीडीएलमध्ये (प्लॅनरना प्रश्न सांगायची भाषा) तेच कोडं लिहून फास्ट डाउनवर्ड या तयार प्लॅनरलाही देऊन बघितलं. तिथे प्रत्येक खोक्याला नाव द्यावं लागतं. सहा खोकी म्हणजे एकाच मांडणीच्या ७२० नकला. प्लॅनरला ही सममिती वेगळी ओळखावी लागते. माझ्या कोडमध्ये खोक्यांना नावंच नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. अर्थात माझा सॉल्व्हर सोकोबानशिवाय काही सोडवू शकत नाही, हेही खरंच.

कुणी करून बघणार असेल तर एक सवय जरूर लावून घ्या. नवा सुरक्षित नियम टाकला की छोटी कोडी छाटणीसह आणि छाटणीशिवाय, दोन्ही प्रकारे सोडवून कमीत कमी ढकलींचा आकडा जुळतो का ते बघा. चुकीची छाटणी एरर देत नाही. ती शांतपणे "उत्तर नाही" म्हणते.

एक्ससोकोबान या सोकोबानच्या आवृत्तीतल्या ९० कोड्यांपैकी सोपी मोजकी आता सुटतात. अल्बर्टा विद्यापीठात युंगहान्स आणि शेफर यांनी लिहिलेल्या रोलिंग स्टोन या सॉल्व्हरने निम्म्याहून जास्त सोडवली होती. माझं घोडं अडलंय ते पाच-सहा खोकी मिळून एखादा कोपरा बंद करतात तिथे. त्यातलं कुठलंही एक खोकं सुटं तपासलं तर अडकलेलं दिसत नाही.