मिरजेत अर्धा दिवस जास्तीचा ठेवा : कोल्हापूर ते फोंडा, सहा दिवस पेटीसोबत

गेल्या डिसेंबरात आमचा सहा दिवसांचा दौरा झाला. कोल्हापूर, मिरज, बेळगाव, धारवाड आणि शेवटी गोव्यात फोंड्याजवळ एका देवळात. नाट्यसंगीत आणि अभंग असा कार्यक्रम, गायला बुवा, तबला, पखवाज, टाळ, निवेदक आणि पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, मी. याच रूटवर बरेच जण कार्यक्रम करतात आणि नवीन मुलंमुली सारखं विचारतात की कुठे उतरायचं, पेटी कशी न्यायची, म्हणून लिहितेय. पण खरं सांगायचं तर मला लिहायचंय ते माणसांबद्दल, कारण या दौऱ्यात जी माणसं भेटली (आणि एक भेटायची राहिली) ती अजून डोक्यातून जात नाहीयेत.

कोल्हापूरचं थोडक्यात सांगते. कार्यक्रम संध्याकाळी होता म्हणून सकाळी खासबागेकडे गेले, संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाचं नाट्यगृह बघायला. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ चं थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, ते पण केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी तिथे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कॉलेजात होते. बाहेर उभी होते तर मागून कुणीतरी हाक मारली, बघते तर आमच्या त्या जुन्या कार्यक्रमाला साउंडवर असलेले काका. ते म्हणाले, गावात असलो की अधूनमधून इकडे येतो आणि दोन मिनिटं उभा राहून जातो. आम्ही दोघंही फार काही बोललो नाही, कोपऱ्यावर चहा घेतला, संध्याकाळी ते कार्यक्रमाला आले आणि न सांगता माझ्या मॉनिटरची, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेल्या स्पीकरची, जागा बदलून दिली. पेटीचा मॉनिटर आपल्या डाव्या हाताला, भात्याच्या बाजूला नको, समोर घ्या, एवढं तेव्हापासून मी प्रत्येक हॉलमध्ये सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मिरज, जेमतेम तासाभराचा प्रवास. पेटी सीटखाली आडवी सरकवू नका, ती उभी किंवा आपल्या पायाशी ठेवा, आणि झाकणाला कडी असली तरी वरून पट्टा बांधाच. माझी स्केल चेंजर (पट्टी बदलता येणारी) आहे, केससकट पंधरा किलोच्या वर जाते, मिरज जंक्शनवर जिना चढताना हमाल करा आणि पैशाचं आधी ठरवून घ्या. हे जंक्शन आम्हा लोकांचं फार जवळचं आहे बरं का, पुण्याकडून, कोल्हापुराकडून, पंढरपुराकडून आणि बेळगाव-हुबळीकडून येणाऱ्या गाड्या इथे मिळतात त्यामुळे तंबोरा किंवा तबल्याची बॅग घेतलेलं कुणी ना कुणी फलाटावर दिसतंच.

माझ्या पेटीचा मधल्या सप्तकातला कोमल गंधार कोल्हापुरातच अडकायला लागला होता, स्वरपट्टीखाली धूळ गेली असणार, म्हणून सतारमेकर लोकांच्या गल्लीत गेले. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतार-तंबोरे बनतायत, मंगळवेढा-पंढरपूर भागातून भोपळे येतात, ते वाळवून त्याचे तंबोरे होतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालं. एका दुकानात पेटी दाखवली आणि कोपऱ्यात बघते तर पाठमोरा एक माणूस मांडी घालून बसलेला, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरलेला. धुमाळी ताल. त्या बोटांवरून ओळखला मी त्याला.

आम्ही एका गुरुजींकडे शिकायचो, मी पेटी आणि तो तबला, सात वर्षं एकत्र साथ केली. मग त्याचे वडील गेले, घरचे यंत्रमाग त्याच्यावर आले, इचलकरंजीला गेला आणि तबला सुटला. अकरा वर्षं फोन नाही, भेट नाही. मी फोन का केला नाही याला माझ्याकडे उत्तर नाही, प्रत्येक दिवाळीला वाटायचं की करू आणि राहून जायचं.

"अगं, तू हितं कशी?" एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ हसत होता.

मुलीचा तंबोरा जवारीला घेऊन आला होता. मुलगी दहा वर्षांची, गाणं शिकतेय. जवारी काढणं म्हणजे कारागीर घोडीचा (ज्यावर तारा टेकतात त्या पट्टीचा) वरचा भाग कानशीने अगदी हलका घासतात, तार छेडतात, ऐकतात, परत घासतात, मग तारेखाली सुताचा धागा सरकवून बघतात, आणि एका जागी तो आला की तार एकदम गुंजायला लागते. एका तंबोऱ्याला आरामात दोन-अडीच तास जातात. तुम्ही घाईत असाल तर ठेवून जाऊ नका, समोर बसा, तुमची पट्टी (ज्या सुरात गाता तो सूर) सांगा, कारण काळी चारला लावलेली जवारी काळी एकला तशी बोलत नाही. तर ते अडीच तास आम्हाला मिळाले. तो यंत्रमागाचं सांगत होता, विजेचं बिल, कामगार मिळत नाहीत, आणि मधेच म्हणाला की कारखान्यात आवाज एका लयीत चालतो ना, पहिली दोन वर्षं त्यात मला तीनताल ऐकू यायचा, मग बंद झाला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

पेटी झाली, तंबोरा झाला, मग दोघं दर्ग्यात गेलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब १९३७ साली असेच दौऱ्यावर होते, मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमल कोईल स्टेशनवर उतरले, तिथेच नमाज पढून सुरात प्रार्थना म्हटली आणि फलाटावरच गेले. मग त्यांना मिरजेला आणलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार येऊन हजेरी लावतात. उरुसाची तारीख हिजरी महिन्याप्रमाणे सरकते तेव्हा जाण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारून घ्या. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, कुणी नव्हतं, डोकं झाकून शांतपणे बसता येतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला तो मुलीला आणि बायकोला घेऊन आला. मध्यंतरात मी बुवांच्या कानावर घातलं, आमच्या तबलजीने लगेच हातोडी आणि पावडरचा डबा पुढे सरकवला आणि स्वतः उठून टाळ घेऊन बसला, हे सगळे करत नाहीत, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटला. मित्र नको नको म्हणत होता, हाताची सवय गेलीय, लाज जाईल. एक अभंग वाजवला. भजनी ठेका, साधा, एकही लग्गी (जलद बोलांचा तुकडा) नाही. डग्ग्यावर हात जड पडत होता पण सम चुकली नाही आणि शेवटी त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी पूर्वी हलवायचा तशी. मुलगी पहिल्या रांगेत तोंडावर हात ठेवून बघत होती, तिने बाबांना वाजवताना कधी पाहिलंच नव्हतं.

बेळगावला फक्त मुक्काम. कुंदा घ्या, पण प्रवासात दोन दिवसांच्या आत संपवा.

आता धारवाड, आणि इथे माझं चुकलं ते सांगते म्हणजे तुमचं चुकणार नाही. सकाळी ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर बघितलं, आता तिथे स्मारक आहे, जरूर जा. मन्सूरांची सुरुवातीची तालीम मिरजेच्या नीलकंठबुवांकडे झालेली, म्हणजे आम्ही ज्या वाटेने आलो त्याच वाटेवरची. कार्यक्रम छान झाला, धारवाडचे श्रोते वेळेवर येतात, जागेवरून हलत नाहीत आणि भैरवीनंतरच उठतात. पण तिथे माझ्या एका गुरुभगिनीची आई राहते. शिकत असताना सुट्टीत मी त्यांच्याकडे महिना महिना राहिलेय, दारातच "ऊट आतेनु" (जेवण झालं का) विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पान वाढायच्या. त्यांना मी सांगितलं होतं की सकाळी जेवूनच निघेन. आणि आयोजकांनी ठरवलेली गाडी दहाऐवजी सातला आली, ड्रायव्हरला परत दुसरं भाडं होतं, सगळे बसले, आणि मी पण बसले. वाटेत फोन केला तर मावशी म्हणाल्या, पहाटे उठून भाकऱ्या थापल्या होत्या, एण्णेगाई (भरली वांगी) केली होती, असू दे, पुढच्या वेळी. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी उतरायला हवं होतं, बाकीच्यांना पुढे पाठवून दुपारच्या बसने जाता आलं असतं, कार्यक्रम तर दुसऱ्या दिवशी होता. तेव्हा ज्या गावात आपलं माणूस आहे तिथून निघायची गाडी स्वतः ठरवा आणि वेळ आदल्या रात्री ड्रायव्हरशी स्वतः बोलून पक्की करा, दुसऱ्याच्या भरवशावर ठेवू नका.

धारवाडहून अळणावर, रामनगर, अनमोड घाट, मोले आणि फोंडा असा रस्ता आहे. चार-पाच तास धरा, घाटात रेंज जाते, अंधाराच्या आत उतरा, पेटी डिकीत एकटी ठेवू नका, ठेवलीच तर दोन्ही बाजूंनी गाद्या लावा. रामनगरला चहाला थांबलो तर शेजारी एक नाटकाची बस, गोव्यातले प्रयोग करून परत निघालेली, आणि त्यातून आमचेच जुने ऑर्गनवाले उतरले. दहा मिनिटंच मिळाली. त्यांनी फोंड्याकडे रात्री किती दव पडतं ते सांगितलं आणि स्वतःच्या बॅगेतली प्लास्टिकची शीट काढून दिली. तिचा खरंच उपयोग झाला, उघड्या मांडवात दहानंतर तबल्याची शाई ओलसर होऊन सूर खाली येत होता, पेटी काही उतरत नाही त्यामुळे फरक लगेच कानाला लागतो, आमच्या तबलजीला दर गाण्याआधी गट्टे (सूर चढवायचे लाकडी ठोकळे) ठोकावे लागले. बरोबर एक जास्तीचा तबला असू द्या आणि वाजवत नसाल तेव्हा तो झाकून ठेवा.

देवळातल्या कार्यक्रमानंतर प्रसादाला बसलो होतो तेव्हा इचलकरंजीहून व्हिडिओ आला. कारखान्याच्या ऑफिसात, हिशोबाच्या टेबलावर तबला, मुलगी तंबोरा धरून बसलेली आणि मागे मागांचा आवाज.

फेब्रुवारीत परत हाच दौरा आहे. मिरजेत दोन मुक्काम धरलेत. धारवाडचं दुपारी तीनच्या बसचं तिकीट मी आजच काढलंय, एकटीचं, आणि मावशींना फोन करून सांगितलंय की यावेळी भाकऱ्या थापायला मी येते.