रबरासारखं ताणलेलं दूध

मे महिन्यात दूध संघाच्या विपणन विभागात बसणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जनावरं कमी दूध देतात असा हा कृश काळ, त्यामुळे संकलन घसरलेलं, ताक-लस्सीची मागणी चढलेली, आणि सकाळी सहापासून ‘दूध फाटलं’चे फोन. माझी सगळी नोकरी मुंबई-ठाण्यात गाईचं दूध विकण्यात गेली. इथला माणूस म्हशीच्या दुधावर वाढलेला. त्याचा पहिला प्रश्न, “दूध पिवळं का?” गाय चाऱ्यातलं कॅरोटीन तसंच दुधात उतरवते, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. दुसरा प्रश्न, “साय का धरत नाही?” होमोजिनाइज केलेल्या दुधात स्निग्धांशाचे कण इतके बारीक फोडलेले असतात की ते वर येऊन जमतच नाहीत. ही दोन उत्तरं मी झोपेतही देऊ शकतो.

2022 च्या मे महिन्यात मात्र तिसरंच प्रकरण आलं. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतला व्हिडिओ. दूध तापवताना फाटलेलं, तिथल्या एका ताईंनी त्याचा गोळा केलेला, तो हाताने वीतभर ताणून दाखवलेला, वरून काडी लावून जाळलेला. “बघा, प्लास्टिक आहे.” आमची पिशवी शेजारीच ठेवलेली, नाव ठळक. दुपारपर्यंत व्हिडिओ आमच्याच वितरकांच्या ग्रुपवर फिरून आला आणि संध्याकाळच्या मागणीत त्या पट्ट्यातले क्रेट कमी झाले.

ऑफिसात एकाने सुचवलं, कायदेशीर नोटीस द्या. आमच्याकडे दूध कधी हातात न धरलेले साहेब बरेच आहेत, त्यांना नोटीस फार आवडते. मी म्हटलं, नोटिशीने व्हिडिओ दुप्पट फिरेल, मला त्या सोसायटीचा हॉल मिळवून द्या.

जायच्या आधी प्लांटला फोन केला. पिशवीवरच्या बॅच नंबरवरून राखून ठेवलेला नमुना काढायला लावला. आम्लता 0.14 टक्के, म्हणजे ताज्या दुधाची असते तेवढीच. दूध प्लांटमधून चांगलंच निघालं होतं.

मग वाकडी वाट करून ज्या दुकानातून ती पिशवी गेली तिथून त्याच बॅचची उरलेली एक पिशवी विकत घेतली. माझ्या बॅगेत परीक्षानळी आणि 68 टक्के अल्कोहोलची बाटली कायम असते, बायको तिला ‘तुमचं औषध’ म्हणते. गाडीच्या बॉनेटवरच चाचणी केली. जेवढं दूध तेवढंच अल्कोहोल, नळी एकदा उलटी करायची आणि उजेडाकडे धरून काचेवर बघायचं. दूध चांगलं असेल तर काच नितळ राहते. इथे रव्याएवढे कण काचेला चिकटून बसले. प्लांटमध्ये चांगलं असलेलं दूध दुकानात येऊन आंबलं होतं.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. सेक्रेटरींनी ओळख करून देताना “कंपनीचा माणूस” म्हटलं. सहकारी संघ आणि कंपनी यातला फरक सांगत बसलो नाही. इंडक्शन शेगडी मांडली आणि दूध ताईंनाच आणायला सांगितलं. म्हटलं, “तुमच्या मनाला येईल त्या ब्रँडचं आणा, आमचं नको.” त्यांनी दुसऱ्याच एका डेअरीची पिशवी आणली. दूध उकळू द्यायचं नाही, बोट जेमतेम ठरेल इतपतच तापवायचं, आणि व्हिनेगर चमच्या-चमच्याने सोडायचं, घाई करायची नाही. भरपूर आंबट केलंत आणि उकळलंत तर पनीरसारखा भुसभुशीत चोथा होतो. पण आंबटपणा एका ठरावीक मापाचा असला तर दुधातलं केसिन नावाचं प्रथिन गरमपणी ताणलं जातं. पिझ्झावरचं चीज ताणतं ते याच गुणाने. गोळा निथळला, गरम निवळीत बुडवून मळला आणि ताईंच्या हातात दिला. त्यांनी ताणला. वीतभर.

मग जाळून दाखवला. जळक्या केसांचा वास सुटला. “प्लास्टिक वितळून ठिबकतं, याला केस जळाल्यासारखा वास येतो, कारण हे प्रथिन आहे.” केसिनपासून एके काळी शर्टाच्या गुंड्याही बनवत, हे मला ठाऊक होतं. पण त्या हॉलमध्ये ते बोलायला मी खुळा नव्हतो.

टाळ्या पडल्या. ताई मोकळेपणाने म्हणाल्या, “काका, व्हिडिओ काढून टाकते.” मुलांनी उरलेला गोळा ताणून फोटो काढले. एका गृहस्थांनी युरियाचं विचारलं, एकाने डिटर्जंटचं. मी एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, देशभरच्या दूध पाहणीचे आकडे सांगितले: 6,432 नमुने तपासले, त्यात भेसळीमुळे असुरक्षित निघाले 12. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष मात्र 5.7 टक्के नमुन्यांत प्रमाणाबाहेर होतं. ते बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून दुधात येतं. या दुसऱ्या आकड्यावर कुणाचीही भुवई हलली नाही. भेसळ म्हटलं की समोर एक बदमाश दिसतो, बुरशीला चेहरा नसतो.

आणि ज्या प्रश्नाची मी वाट बघत होतो तो आलाच नाही. प्लास्टिक नव्हतं, ठीक. मग दूध आंबलं कशाने? सत्तर माणसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा सेक्रेटरी चहा सांगत होते.

परतताना पुन्हा त्या दुकानात गेलो. पहाटे साडेतीनला टेम्पो क्रेट टाकून जातो, शटर सहाला उघडतं. तोवर माल फुटपाथवर. रात्री उरलेल्या पिशव्या फ्रिजमध्ये जातात, पण आइस्क्रीमवाल्यांनी दिलेल्या फ्रिजमध्ये दुधाला जागा कोपऱ्यातली, आणि बाकीच्या पिशव्या ज्या थंड पेयांच्या मोठ्या फ्रिजमध्ये जातात तो दुकानदार रात्री बंद करून जातो. आम्ही 72 अंशांवर 15 सेकंद पाश्चराइज करतो, 4 अंशांवर आणतो, इन्सुलेटेड टँकरने घाट उतरवतो, आणि शेवटची दोनशे पावलं दूध मेच्या हवेत उघड्यावर. मी बोललो तर दुकानदार चिडला नाही. “साहेब, तुमच्या पिशवीमागे मला जे सुटतं त्यात रात्रीचं बिल बसवून दाखवा. दूध मी ठेवतो ते गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून. कमाई बिस्किटात आहे.” मला त्याचा हिशेब खोडता आला नाही. अजूनही येत नाही.

दुसऱ्याच दिवशी टिपण लिहिलं: पहाटेच्या क्रेटसाठी झाकणाच्या इन्सुलेटेड पेट्या, आणि रात्री फ्रिज चालू ठेवणाऱ्या दुकानदाराला कमिशनमध्ये थोडी वाढ. खर्चाचा अंदाजही जोडला. वरून उत्तर आलं ते वेगळंच. ठाण्याचा कार्यक्रम फार छान झाला, असाच आणखी सोसायट्यांमध्ये करा, शेगडी आणि व्हिनेगरचा खर्च मंजूर. सोबत ‘आमच्या दुधात प्लास्टिक नाही’ अशी रंगीत पत्रकं छापून आली. अहो, तुमच्या दुधात प्लास्टिक नाही हे पत्रक वाचून ज्याच्या डोक्यातही नव्हतं त्याच्या डोक्यात ते येणार, एवढंही कुणाला सुचू नये?

निवृत्त होईपर्यंत मी तो प्रयोग करत राहिलो. टाळ्या दरवेळी पडल्या. पेट्यांचं टिपण शेवटचं पाहिलं तेव्हा त्यावर ‘विचाराधीन’ असा शेरा होता.