नाना झेंडावंदनाला का येत नव्हते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दहाव्याला विचारलंत, वर्षश्राद्धाला विचारलंत, आणि आता सव्वीस जानेवारी जवळ आली तसं परवा एसटीत शेजारी बसून पुन्हा एकदा विचारलंत: एकाहत्तरची लढाई बघितलेला माणूस, शेवटची पंधरा वर्षं गावातल्या शाळेच्या झेंड्याला का आला नाही?

कुणी म्हणतं, मिजास होती. कुणी म्हणतं, पेन्शनचा राग होता. माजी सैनिकांचं 'वन रँक वन पेन्शन' २०१५ ला लागू झालं. नाना २००९ पासून यायचे थांबले होते आणि २०१५ नंतरही आले नाहीत. त्यामुळे तो हिशेब जुळत नाही. मिजास म्हणणाऱ्यांच्या घराच्या चौकटी नानांनीच बसवल्यात, त्यांना मी काय सांगू?

खडकीची भरती, सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, मिळालेला सुताराचाच ट्रेड, १९८० ला हवालदार होऊन परत येणं, मग बैलगाड्या, कुळव, आणि ट्रॅक्टर आल्यावर दारं-खिडक्या, आम्हा तिघांची शिक्षणं, आईचं आजारपण, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं. ते पुन्हा सांगत नाही.

लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की नाना रामा राघोबा राणेंची सांगायचे. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या लढाईत, नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्ताभर सुरुंग आणि अडथळे. राणे जखमी असूनही दिवसरात्र रस्ता मोकळा करत गेले. परमवीर चक्र हयातीत मिळालेला माणूस. नाना ही गोष्ट इतकी रंगून सांगायचे की स्वतःची सांगितलीच नाही, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातच यायचं नाही. माझ्याही आलं नाही.

आपण विजय दिवस १६ डिसेंबरला करतो. सॅपरचं काम त्या दिवशी संपलं नव्हतं. जम्मूतल्या सांब्याच्या बाजूला शेतांत पेरलेले सुरुंग १९७२ मध्ये काढायचे होते, कारण शेतकऱ्यांना परत यायचं होतं. त्याच वर्षी इकडे दुष्काळ. आमची आजी पाझर तलावावर खडी फोडत होती, घरात मिलोची, म्हणजे बाहेरदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी, आणि तिचा मुलगा तिकडे दुसऱ्याच्या गव्हाच्या रानात पोटावर झोपून सळईनं माती टोचत होता. सळई तिरकी धरायची. उभी खुपसली तर सुरुंगाच्या डोक्यावर टेकते, तिरकी गेली तर कुशीला लागते. एवढं मात्र त्यांनी मला दाखवलं होतं, लहानपणी, भुशाच्या ढिगात पटाशी घालून.

आता २००९ चं सांगते. मी तेव्हा शाळेवर चार वर्षं होते. प्रमुख पाहुणे म्हणून नानांचं नाव मीच सुचवलं. आदल्या रात्री त्यांना बजावलं, "नाना, राणेंची नको. तुमची सांगा. पोरांना कळू दे." ते नको म्हणत होते. मी हट्ट केला.

कोट इस्त्रीचा, पदकं लावलेली. समोर पहिली ते सातवीची पोरं, मातीत बसलेली. नाना टेबलाशी उभे राहिले आणि बोलायच्या आधी त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरायला लागला, रंधा मारलेली कड तपासतात तसा. मग म्हणाले, "माझी पट्टी मी तपासली. आणि साफ म्हणून सांगितलं." थांबले. पुन्हा म्हणाले, "मी साफ म्हणालो हुतो." मग सांगायला लागले की सुरुंग पेरताना नकाशा आणि आकडा लिहून ठेवतात, पण पाऊस झाला की माती सरकते, ओढ्याकाठचे सुरुंग जागा सोडतात. दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीतून बार्शीकडचा एक पोरगा गेला. एकोणीस वर्षांचा. त्याचा पाय गुडघ्याखाली...

इथं त्यांचा आवाज गेला. पुढच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. मागे कुणीतरी हसलं. व्यासपीठावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी उठले, त्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "नाना थकलेत. बोला, भारत माता की..." पोरांनी जोरात "जय" म्हटलं. पुढचं मीच बोलले. शौर्य, बलिदान, तेच सगळं. नाना माझ्या बाजूला तसेच उभे होते. मघाचं वाक्य अजून तोंडात असावं असे.

घरी गेल्यावर कोट खुंटीला अडकवला आणि पडवीत कामाला बसले. मला एक शब्द बोलले नाहीत. पंधरा ऑगस्टला फक्त म्हणाले, "तू जा." तेव्हापासून दरवर्षी तेच.

तेव्हाची मी म्हणायची, मी बापाला वाचवलं. सगळ्यांसमोर तो माणूस ढासळत होता, मुलगी म्हणून मी दुसरं काय करायचं होतं? आजही अर्धं मन हेच म्हणतं, आणि ज्यांनी त्या दिवशी मान खाली घातली त्यांनी मला शहाणपण शिकवू नये. पण सदतीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट माणसानं एकदाच उघडली, आणि ती मीच झाकली, हेही खरं आहे. नंतर लक्षात आलं, दार बसवून झाल्यावर नाना कधी "झालं" म्हणत नसत. गिऱ्हाईकाचा हात धरून फळीवर ठेवायचे, "हात फिरवून बघा पावणं." आम्हाला ते कौतुक करून घेणं वाटायचं.

२०२४ मध्ये, शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात रात्री मी त्यांच्याजवळ होते. विचारलं, "नाना, मी माइक घ्यायला नको होता का?"

बराच वेळ गप्प होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "पोरं बारकी हुती गं तुझी."

पोरं लहान होती म्हणून मी थांबवलं ते बरं केलं, असं म्हणाले? की पोरं लहान होती, त्यांनाच सांगायचं होतं, असं? मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी कूस बदलली आणि चादर ओढून घेतली.