आईचे कान ठीक होते, वायफाय तुटत होतं

आई ७१ वर्षांची आहे आणि अजूनही आठवड्यातले चार दिवस व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी क्लास संपवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, माझे कान दाखवून यायला हवेत. ती पोर म्हणते मी बरोबर लावतेय, आणि मला तिचा निषाद उतरलेला ऐकू येतो." तिच्या चेहऱ्यावरची धास्ती अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तपासणी वयाच्या मानाने चांगली निघाली. तेव्हा कुठे माझं लक्ष वायफायकडे गेलं.

आवाजाचे तुकडे वाटेत हरवले किंवा उशिरा पोचले, की कॉलचं सॉफ्टवेअर गप्प बसत नाही. आधीचा आवाज ताणून, अंदाजाने जागा भरून काढतं. बोलताना ते फारसं जाणवत नाही. लांबवलेल्या स्वरात आणि तानेत मात्र लगेच खटकतं, आणि आईसारख्या कानाला तर हमखास.

आमचं जुनं घर ठाण्याच्या नौपाड्यात, विटांच्या भिंतींचं. तिथे कपाटावर ठेवलेला एक राउटर सगळ्या घराला पुरायचा. आता आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहतो. राउटर दाराजवळच्या कोपऱ्यात, आईची खोली दुसऱ्या टोकाला. इथे एकट्या राउटरचं काम नव्हतं, म्हणून आल्या आल्या तीन डब्यांचा मेश संच घेतला; हे डबे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवतात. एक डबा मुख्य, दुसरा हॉल आणि पॅसेजच्या मध्ये, आणि तिसरा थेट आईच्या खोलीत, कारण रेंज तिथेच नव्हती. अ‍ॅपमध्ये तिन्ही डबे हिरवे. आईच्या टॅबवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. त्या रेघांवर विश्वास ठेवून मी वर्ष काढलं.

इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने मुख्य डब्याशेजारी उभं राहून वेग मोजला, १०० एमबीपीएस पुरे आले. "मॅडम, लाइन ओके आहे." मला राग आला होता, पण तो खरंच बोलत होता. बिघाड दाराच्या आत होता. हे कळायची सोपी रीत मला नंतर समजली. लॅपटॉप आईच्या खोलीत ठेवायचा आणि बाहेरच्या कुठल्या साइटला नाही, तर आपल्याच राउटरला पिंग करायचं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं; आमच्याकडे राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. ही फेरी घरातल्या घरातच होते, म्हणजे कंपनीचा संबंधच उरत नाही. उत्तर ३ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. माझ्याकडे ४, ६, ५, मग एकदम १९०, मग एक उत्तर गायब, पुन्हा ५. वेग मोजणाऱ्या अ‍ॅपवर मात्र त्याच वेळी ४० एमबीपीएस. वेग पुरेसा होता, सातत्य नव्हतं, आणि कॉलला सातत्य लागतं.

मग मी घराचा नकाशा काढला. बिल्डरच्या माहितीपत्रकातलं फ्लॅटचं चित्र मोठं करून छापलं, दुसरा आणि तिसरा डबा बंद केला, आणि वायफाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप घेऊन खोलीखोलीत मुख्य डब्याचा सिग्नल मोजत फिरले. सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या आसपास सगळं डळमळतं. दर १० आकड्यांना ताकद दहापट घटते, त्यामुळे हे आकडे दिसतात तेवढे जवळजवळचे नसतात. आमचं वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, चालतं; आईच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर मुख्य डब्याचा आकडा होता उणे ७८. तिसरा डबा सुरू केल्यावर तिच्या टॅबला त्या डब्याचा सिग्नल मिळत होता उणे ४२. म्हणजे टॅबवरच्या भरलेल्या रेघा फक्त शेवटच्या सहा फुटांच्या होत्या. टॅब आणि डबा यांचं उत्तम जमत होतं, पण त्या डब्यालाच मागून जे मिळत होतं ते जवळपास चार हजारपट क्षीण होतं.

एवढं क्षीण का, याचं उत्तर मला पडद्याच्या दांड्याने आधीच दिलं होतं. राहायला आलो तेव्हा भोक पाडणारा सुतार घामाघूम होऊन म्हणाला होता, "ताई, इथे वीट नाहीच, आतली भिंतपण आरसीसी आहे, हॅमरवालं मशीन आणावं लागेल." आमची इमारत मायवान पद्धतीची आहे. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटमध्ये ओततात, आत सळ्यांची जाळी. अशी एकेक भिंत सिग्नल पिऊन टाकते, आणि ५ गिगाहर्ट्झचा तर २.४ पेक्षाही जास्त. दार ते आईची खोली या वाटेत अशा तीन भिंती आणि बाथरूममधला मोठा आरसा. ठाण्यात नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर डबे विकत घेण्याआधी भिंतीत खिळा ठोकून बघा.

तिसरा डबा आईच्या खोलीतून काढून पॅसेजच्या वळणावर, चपलांच्या कपाटावर ठेवला. तिथे मुख्य डब्याचा आकडा उणे ६३ होता आणि आईचं दार समोरच. सिग्नल जिथे मेलाय तिथे डबा ठेवायचा नाही, जिथे अजून जिवंत आहे तिथे ठेवायचा, ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर आईला कानाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं नसतं. त्याच दिवशी फरक पडला. खोलीत डबा नाही म्हणून आईच्या टॅबवर एक रेघ कमी दिसायला लागली, आणि गाणं सुधारलं.

सकाळचे क्लास सुधारले, संध्याकाळचे नाही. सातनंतर शेजारपाजारचे सगळे घरी येतात. त्या वेळी अ‍ॅपमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर मला २६ नावं दिसली. त्यातलं एक आमचंच निघालं. कंपनीने भिंतीवर लावलेल्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालूच होतं, मेशच्या शेजारी, त्याच चॅनेलवर. आईचा टॅब कधी एकाला धरायचा, कधी दुसऱ्याला. ते बंद केलं. कंपनीचा डबा आणि मेशचा मुख्य डबा, दोन्ही राउटरचं काम करत होते, म्हणून मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे त्याने फक्त वायफाय पसरवायचं. २.४ साठी १, ६ आणि ११ यांपैकी सगळ्यात मोकळा चॅनेल निवडला, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. टॅबमधून २.४ चं नाव काढून त्याला ५ वरच ठेवलं.

तरीही अधूनमधून धक्के यायचेच. आमचा संच दोन बँडचा. डबे एकमेकांशी ज्या रेडिओवर बोलतात त्याच रेडिओवर आपली उपकरणंही असतात, त्यामुळे मुलगा मॅच लावून बसला की डब्यांच्या आपसातल्या बोलण्यालाच जागा कमी पडायची. यावर खरा उपाय डबे तारेने जोडणं हाच होता, आणि ते मी टाळत होते कारण काँक्रीट फोडायचं म्हणजे काय ते पाहिलं होतं.

फोडावं लागलंच नाही. बिल्डरने प्रत्येक बेडरूममध्ये केबल टीव्हीसाठी नळी टाकून ठेवली होती, हॉलमधून आईच्या खोलीपर्यंत. आम्ही ती केबल कधी वापरलीच नव्हती. इलेक्ट्रिशियनने जुन्या केबलच्या टोकाला कॅट ६ ची नेटवर्कची तार टेपने घट्ट बांधली, एकाने हॉलमधून सोडली, दुसऱ्याने आईच्या खोलीतून ओढली. विजेच्या तारांच्या नळीतून ती नेऊ नका, हे त्यानेच बजावलं.

तार जोडली, आणि अ‍ॅपमध्ये डब्याच्या तारेचा वेग १०० वर अडकलेला. माझा जीव पुन्हा खाली गेला. तारेत चार जोड्या असतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. आईच्या खोलीतल्या प्लगमध्ये तपकिरी जोडी पोचलीच नव्हती. त्याने प्लग कापून नवा बसवला आणि १००० आले. तिसरा डबा पुन्हा आईच्या खोलीत गेला, आता तारेवर. मी लॅपटॉप उघडून पिंग लावलं, मुलाला मॅच लावायला सांगितली आणि दहा मिनिटं बघत बसले. १, २, १, १, २. एकही उत्तर गायब नाही.

त्या संध्याकाळी त्याच मुलीचा क्लास होता. मी दाराबाहेर थांबले. मुलीने यमनमध्ये निषादावर थांबून तो लांबवला, आई काही क्षण बोललीच नाही, मग म्हणाली, "बाळा, गेल्या महिन्यात मी तुला उगाच टोकलं. तुझा नी बरोबर होता."